आकाश अजून ओलं आहे

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी चित्रकाराने दोन्ही हात पाठीमागे बांधून ते पाऊण तास नुसतं पाहिलं आणि मग बायकोला हाक मारली. ती शाळेत गणित शिकवायची. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा कडेवर घेऊनच ती दारात आली, चित्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छान झालंय. वाळणार कधी?"

चित्रकाराला लागलं ते. सात फूट रुंद, पाच फूट उंच चित्र, तीन महिन्यांची उभ्याने केलेली मेहनत, आणि पहिला प्रश्न काय, तर वाळणार कधी. पण गणिताच्या माणसांचं असंच असतं. त्यांना आधी उत्तर लागतं. कौतुक नंतर, वेळ उरला तर.

अडचण एवढीच होती की प्रश्न बरोबर होता.

गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने नवं वाचनालय बांधलं होतं आणि त्याच्या समोरच्या मोठ्या भिंतीसाठी त्याची निवड झाली होती. गेली बावीस वर्षं तो लोकांचे आजोबा काढत आला होता. तेही समोर बसलेले नव्हेत, ओळखपत्रावरच्या फोटोतले. एका आजोबांचा एक कान फोटोत नव्हताच, तो त्याने स्वतःच्या अंदाजाने दिला, आणि कान बघून त्यांच्या धाकट्या मुलाला रडू कोसळलं होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पडदे त्याने रंगवले होते, दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पण ज्याच्या खाली स्वतःचं नाव असेल आणि जे येणारा-जाणारा मान वर करून बघेल, असं चित्र आयुष्यात पहिल्यांदाच हातून होत होतं. करारात लिहिलं होतं की वीस तारखेच्या सकाळी चित्र भिंतीवर लावण्यास तयार नसल्यास काम आपोआप रद्द समजण्यात येईल आणि यादीतल्या दुसऱ्या चित्रकाराला देण्यात येईल.

हा दुसरा चित्रकार त्याचा वर्गमित्र होता आणि तो फक्त घोडे काढायचा. खरं म्हणजे एकच घोडा, वीस वर्षं, वेगवेगळ्या बाजूंनी. आपल्या भिंतीवरून तो घोडा चौखूर उधळत चाललाय, हे डोळ्यांपुढे आलं की चित्रकार अंथरुणात उठून बसायचा.

आणि आज आठ तारीख होती.

चित्रातली नदी केव्हाच वाळली होती. पलीकडची झाडीही वाळली होती. घोळ आकाशाचा होता. मागच्या आठवड्यात, सगळं नीट चाललेलं असताना, त्याने अर्धं चित्र व्यापणारं आकाश खरवडून काढलं आणि सुरीने नव्याने थापलं. आकाश हलकं दिसायला हवं असेल तर रंग जड लावला पाहिजे, असं त्याचं एक मत होतं. त्या मतापायी तिथे आता बोटाच्या पेराएवढा जाड रंग होता. तेलरंग कपड्यासारखा वाळत नाही. त्यातून पाणी उडून जायचं नसतं, तो बाहेरची हवा पिऊन हळूहळू घट्ट होतो, आणि किती प्यायची हे त्याचं तो ठरवतो. सरकारी कचेरीतला कागद आणि तेलरंग, दोघांनाही घाई केलेली खपत नाही.

दोन दिवस त्याने घरातले दोन्ही पंखे चित्रापुढे लावले. खोली उत्तरेची, ऊन कधी यायचंच नाही. दर तासाने तो अंगठा लावून बघायचा आणि दर तासाला अंगठा निळा व्हायचा. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, गच्चीवर का नेत नाही? हिवाळा संपत आला. बाहेर इतकं कोरडं पडलंय की माझे ओठ फुटले, टाचा फुटल्या. तुमचा रंग तेवढा वाळत नाही म्हणजे काय?"

खरं होतं. त्या वर्षी थंडी अंगाला न लागताच निघून चालली होती. सकाळी स्वेटर घालावा तर दहा वाजता तो खांद्यावर यायचा. ऊन मऊ असायचं, हवा तहानलेल्या टाळ्यासारखी कोरडी, आणि चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. वाळवणाला याहून चांगले दिवस मागूनही मिळाले नसते.

गच्चीला कुलूप असायचं आणि किल्ली तळमजल्यावर सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी स्वभावाने सज्जन होते, पण इमारतीची नियमावली त्यांनी स्वतः लिहिली होती आणि ती कोणी तरी वाचावी अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी कपाटातून एक छापील अर्ज काढला. त्यावर रकाने होते: वाळवावयाची वस्तू, ओलाव्याचे कारण, आणि वाळल्यानंतर वस्तूचे काय करणार.

चित्रकाराने पहिल्यापुढे 'चित्र' आणि दुसऱ्यापुढे 'कला' असं लिहिलं.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "ओलाव्याचं कारण कला?"

"मग काय लिहू?"

"इथे लोक 'धुणे' लिहितात."

"मी धुतलं नाहीये."

"तेच म्हणतोय मी. नियमावलीत कपडे आहेत, गाद्या आहेत, पायपुसणी आहेत. तुम्ही 'इतर' मध्ये येता. 'इतर' साठी चौथ्या मजल्यावरच्या सगळ्यांची हरकत नसल्याची सही लागते. गच्चीखाली राहतात ना ते."

बावीस वर्षांच्या साधनेनंतर आपण पायपुसण्यानंतर येतो, हे पचवून चित्रकार चार जिने चढला.

चौथ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती. पहिलं कर्नलांचं. कर्नल सैन्यात कधी नव्हते. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते, पण मिशा पाहून इमारतीने त्यांना बढती दिली होती. ते म्हणाले, "सही देतो, पण आधी मला चित्र बघू दे. डोळे झाकून मी आयुष्यात सही केलेली नाही." ते खाली आले, चित्र पाहिलं, खिशातून फीत काढून मोजलं आणि म्हणाले, "आकाश जास्त झालंय. निम्म्याहून चार इंच जास्त. आणि माणूस एकही नाही. एवढी मोठी नदी, आणि तिथे कोणालाच काम नाही?"

दुसरं बिऱ्हाड दंतवैद्यांचं. त्यांनी लगेच सही केली आणि आपल्या दवाखान्यातला निळा दिवा देऊ केला. दातात भरलेला मसाला त्या दिव्याने वीस सेकंदांत कडक होतो म्हणे. चित्रकाराने विचारलं, "किती जागेवर पडतो तो प्रकाश?" दंतवैद्यांनी करंगळीचं नख दाखवलं. बायकोने रात्री हिशोब करून सांगितलं की सगळं आकाश त्या दिव्याने वाळवायचं तर रोज आठ तास बसून साधारण महिना जाईल, आणि तोवर दिवाही जाईल.

तिसऱ्या बिऱ्हाडात काकू एकट्या राहायच्या. त्यांनी सही करताना एकच अट घातली. गच्चीवर रोज दहा वाजता त्या गादी झटकतात, पंचवीस वर्षं झटकताहेत, आणि ती वेळ त्या कोणासाठी बदलणार नाहीत.

"माझं चित्र पलीकडे टाकीशी राहील, काकू."

"राहू दे. माझं काय जातं?" काकू म्हणाल्या.

अकरा तारखेला चित्र वर निघालं. पुढून चित्रकार, मागून दंतवैद्य, आणि मधे फीत घेतलेले कर्नल. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कर्नल "थांबा" म्हणायचे, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचे आणि "जाईल" म्हणायचे. तिसऱ्या मजल्यानंतरच्या वळणावर ते "जाईल" म्हणाले आणि गेलं नाही. चित्राची वरची कड भिंतीला टेकली, दंतवैद्य घाबरून एक पायरी वर आले, आणि आकाश भिंतीवरून चार फूट सरकत गेलं.

तिघांनी भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या भिंतीवर लांबलचक निळा फराटा उमटला होता. महिनाभरापूर्वीच जिन्याला रंग दिला होता.

"फीत खरी आहे," कर्नल म्हणाले. "भिंतच वाकडी असणार."

चित्र टाकीला टेकवून उभं राहिलं. गच्चीचं दार आता तेवढे दिवस उघडं राहणार होतं. बिघडलेला कोपरा त्याने सुरीने सारखा केला, आणि खाली येऊन पाहतो तर दारात सेक्रेटरींचं पत्र. सामायिक भिंतीवर विनापरवाना चित्र काढल्याबद्दल खुलासा करावा व भिंत पूर्ववत करावी. चित्रकाराने उत्तर लिहायला घेतलं की ते चित्र नव्हतंच. मग त्याला वाटलं, हे लेखी द्यायला नको. उद्या कोणी तेच वाक्य वाचनालयातल्या चित्राला लावायचं. तो मुकाट्याने पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला.

फराट्यापुरता पांढरा लावला तर तेवढाच भाग उजळून निघाला आणि बाकीची भिंत मळकी दिसायला लागली. म्हणून पूर्ण वळण रंगवलं. मग वळण एवढं स्वच्छ झालं की तिसरा मजला आजारी दिसू लागला. तिसरा रंगवल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, आम्ही काय घोडं मारलं? घोडा हा शब्द ऐकताच चित्रकार दचकला आणि कामाला लागला. अशा रीतीने वाचनालयाच्या भिंतीचा चित्रकार बारा ते सोळा तारखेपर्यंत डोक्याला फडकं बांधून जिना रंगवत होता. येणारे-जाणारे थांबून बघत होते. चित्राविषयी ज्यांनी बावीस वर्षांत चौकशी केली नव्हती, त्यांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवून त्याला सल्ले दिले. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर खुशीत म्हणाले, "आज तुमच्या कलेचा आम्हाला काही तरी उपयोग झाला बघा."

सगळ्यात झोंबणारी गोष्ट ही की तो पांढरा रंग तासाभरात वाळत होता.

वर आकाशाची काय हालत आहे, हे बघायला तो अधूनमधून पळत जायचा. तेरा तारखेला साडेदहाला गेला आणि दारातच थबकला. इमारतीसमोरच्या उंच झाडाच्या शेंगा उन्हाने तडकायला लागल्या होत्या आणि त्यांतला कापूस वाऱ्यावर तरंगत होता. तिकडे काकूंची गादीही झटकून झाली होती. गच्चीवर उडणारं जे जे काही होतं, ते सगळं जिथे चिकटायला जागा होती तिथे जाऊन चिकटलं होतं. निळ्याभोर आकाशाला पांढरी लव आली होती.

"बर्फ पडल्यासारखं छान दिसतंय," काकू म्हणाल्या. "असंच ठेवा की."

दंतवैद्य दुपारच्या सुट्टीत वर आले, परिस्थिती पाहिली, आणि डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवून, चिमटा घेऊन चित्रापुढे बसले. दोन तास त्यांनी एकेक तंतू उचलला. हात असा हलका की रंगाला ओरखडा नाही. काम करताना सवयीने ते मधेच म्हणायचे, "दुखलं तर सांगा हं." आणि चित्रकार मनापासून म्हणायचा, "दुखतंय, पण चालू द्या."

याच सुमारास ग्रंथालयातून फोन यायला लागले.

पहिला फोन बायकोने घेतला. रिसीव्हरवर हात ठेवून तिने हलक्या आवाजात सांगितलं, "ग्रंथपाल बाई आहेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात."

त्याचा चेहरा उतरला. घाई करायला फोन केलाय, दुसरं काय. "त्यांना सांग, मी गच्चीवर आहे."

"तुम्ही इथे आहात. मी खोटं बोलणार नाही."

म्हणून तो चार जिने चढून गच्चीवर गेला, आणि तिने फोनवर सांगितलं की ते गच्चीवर आहेत. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तर तो डोक्याला फडकं बांधून आणि हातात ब्रश घेऊनच वर धावला, आणि जिन्यात भेटलेल्या कर्नलांना वाटलं की आता गच्चीलाही रंग द्यायचा ठरलंय.

सोळा तारखेला जिना संपला. सेक्रेटरी पाहणीला आले. त्यांनी खालपासून वरपर्यंत भिंती तपासल्या, समाधान व्यक्त केलं, आणि शेवटी एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे जरा राहिलंय."

चित्रकार कोपऱ्याकडे बघतच नव्हता. तो बोटाकडे बघत होता. बोटाचं टोक निळं होतं.

सेक्रेटरींनी हात खिशात घातला. "वाळलंय का ते बघितलं," ते म्हणाले. "पदाधिकारी म्हणून. परवानगी तेवढ्याच दिवसांची आहे ना."

चित्रकार धावत वर गेला. आकाशावर, डाव्या बाजूला, पक्ष्याने चोच मारावी तसा एक ठसा होता. त्याच्या शेजारी आणखी एक. मग नजर बसल्यावर ते एकेक करून दिसायला लागले. चौदा होते. तो खाली येऊन एकेक दार वाजवत गेला. काकूंचं अनामिकेचं टोक निळं होतं. कर्नलांचा अंगठा. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची चक्क दोन बोटं, एका बोटाचा भरवसा वाटला नाही म्हणून. दंतवैद्यांचा हात स्वच्छ निघाला, पण त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात बोटाशी निळा झालेला हातमोजा होता. सगळ्यांचं म्हणणं एकच: काळजीपोटी बघितलं. आपल्या इमारतीतलं चित्र ग्रंथालयात लागणार, ते वेळेवर वाळतंय की नाही हे बघायला नको का?

घरी येऊन तो खुर्चीत बसला. समोर बायको वह्या तपासत होती. लाल पेन धरलेल्या हाताचं एक बोट निळं होतं.

"तूसुद्धा," तो म्हणाला.

"मी अगदी कोपऱ्यात लावलं," ती म्हणाली. "आणि एकदाच. तुमचे स्वतःचे किती आहेत ते मोजलंत का?"

मोजल्यावर चौदांपैकी सात त्याचेच निघाले.

ठसे बुजवायला वरून रंग लावावा लागला. एका ठिकाणी लावला की शेजारचा भाग वेगळा दिसायचा, म्हणून तोही, आणि जिन्याचं जे झालं तेच आकाशाचं झालं. सतरा तारखेच्या संध्याकाळी सगळं आकाश नवं कोरं होतं आणि आठ तारखेला होतं त्याहून ओलं होतं. ब्रश पुसताना त्याने बायकोला विचारलं, "घोडा वाळायला किती वेळ लागतो गं?"

"किती जाड आहे त्यावर," ती म्हणाली, आणि वही बाजूला ठेवून त्याच्याजवळ येऊन बसली. "तुम्ही जा आणि खरं सांगून टाका. चित्र चांगलं झालंय. चांगल्या चित्रासाठी चार दिवस थांबायला कोणाची ना नसते."

"करारात आहे."

"करारात असतं. पण करार माणसंच करतात ना?"

एकोणीस तारखेला कर्नलांनी जाहीर केलं की उद्या चित्र उतरवायची सगळी व्यवस्था झालेली आहे. टेम्पो येईल, दोन जास्तीची माणसं येतील, आणि या वेळी ते स्वतः मोजणार नाहीत. चित्रकाराने सांगायला तोंड उघडलं, पण कर्नलांनी इतक्या आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली की शब्द आतच राहिले.

वीस तारखेला सकाळी सगळ्यांच्या आधी तो उठला, इस्त्रीचा सदरा घातला, निळा अंगठा मुठीत लपवला आणि एकटाच ग्रंथालयात गेला. वाटेत त्याने वाक्यं पाठ केली. 'कलाकृती ही घड्याळावर चालत नाही.' हे फार झालं. 'एक छोटीशी तांत्रिक अडचण.' हे प्लंबरसारखं झालं. पायऱ्या चढेपर्यंत त्याच्याकडे फक्त 'त्याचं असं झालं' एवढंच उरलं होतं.

ग्रंथपाल बाई त्यांच्या खोलीत होत्या. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याला पाहताच त्या इतक्या झटकन उठल्या की चष्मा टेबलावर आपटला.

"या, या. बसा. चहा घेणार?"

"नको. म्हणजे घेईन."

दोघंही बसले.

"यंदा थंडी फारशी पडली नाही," बाई म्हणाल्या.

"नाही ना. हवा मात्र कोरडी आहे."

"कोरडी आहे. पण पाहिजे तेवढी नाही."

"नाही, पाहिजे तेवढी नाहीच," चित्रकार म्हणाला, आणि दोघांनीही एकदमच मोठा सुस्कारा सोडला.

चहा आला. त्याने कप हातात घेतला आणि हिय्या केला. "बाई, त्याचं असं झालं—"

"तुम्ही काही बोलायच्या आधी," बाई घाईने म्हणाल्या, "एकदा भिंत बघून घ्या. मी तीनदा फोन केला, पण तुम्ही गच्चीवर होता."

वाचनालयात पाऊल टाकताच त्याला वास आला. ओल्या चुन्या-सिमेंटचा, तळघरातल्यासारखा थंड वास. समोरची भिंत छतापासून जमिनीपर्यंत काळपट दिसत होती आणि तिच्या पायथ्याशी वर्तमानपत्रं पसरलेली होती. आतली नळी फुटली होती. भिंत फोडून नळी बदलली, गिलावा केला, तर दुसऱ्या टोकाला पुन्हा पाझरली. पुन्हा फोडली. कालच तिसऱ्यांदा गिलावा झाला होता.

"गवंडी म्हणतो, दोन महिने चित्र काय, कॅलेंडरसुद्धा लावू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "करारात तुमच्यासाठीही कलम आहे. आम्ही तारखेला भिंत तयार दिली नाही, तर तुम्ही चित्र दुसरीकडे कुठेही देऊ शकता. मला समितीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मीच तुमच्या नावाचा आग्रह धरला होता. आठ दिवस झाले, अन्न गोड लागत नाहीये."

कराराला दुसरं पान होतं, हे चित्रकाराला तेव्हा कळलं.

खरं तर त्याने त्याच क्षणी सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण माणूस चार-पाच दिवस डोक्याला फडकं बांधून फिरलेला असला आणि अचानक त्याच्या हातात मोठेपणा येऊन पडला, तर तो लगेच खाली ठेवता येत नाही. चित्रकाराने हात पाठीमागे बांधले. भिंतीसमोरून एक फेरी मारली. भुवया आवळल्या.

"दोन महिने," तो म्हणाला. "हं. चित्र तयार असताना दोन महिने म्हणजे… पण ठीक आहे. संस्थेची अडचण मी समजू शकतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचे फार उपकार झाले. मग एक काम करू या. चित्र तयार आहे तर तुमच्या घरी का अडकवून ठेवायचं? आताच गाडी पाठवते. माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवू, वर चांगली जाड चादर टाकू, म्हणजे धूळ बसणार नाही."

चित्रकाराच्या हातातला मोठेपणा तिथेच गळून पडला.

"चादर नको," तो म्हणाला.

"बरं, प्लास्टिक टाकू. घट्ट गुंडाळून."

"बाई," चित्रकार म्हणाला, आणि मूठ उघडून अंगठा त्यांच्यापुढे धरला. "आकाश अजून ओलं आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. खरवडलेलं आकाश, अर्ज, फराटा, जिना, कापूस, चौदा ठसे, आणि गच्चीवर जाऊन न घेतलेले तीन फोन. सांगताना त्याला वाटत होतं की आता या चिडणार. बाई ऐकता ऐकता खाली बसल्या. गवंड्याची लाकडी घोडी तिथे होती, तिच्याच खालच्या पायरीवर बसल्या, आणि तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. थांबल्या, भिंतीकडे पाहिलं, आणि परत हसायला लागल्या. चित्रकार थोडा वेळ मानाने उभा राहिला. मग तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की गेले दहा दिवस आपण नीट श्वाससुद्धा घेतलेला नाही.

"म्हणजे तुम्ही मला घाबरत होता," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला."

"आणि आपण दोघं हवेविषयी बोलत होतो."

त्यांनी तिथल्या तिथे एक कागद तयार केला. चित्र लावण्याची तारीख उभयपक्षी संमतीने दोन महिने पुढे नेण्यात येत आहे. कारणाच्या जागी काय लिहावं यावर बराच विचार झाला आणि शेवटी बाईंनी 'हवामान' असं लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. चित्रकाराच्या सहीशेजारी एक निळसर ठसा उमटला, पण बाई म्हणाल्या, राहू दे, कागद पक्का वाटतो.

परत येताना तो रमतगमत आला. ऊन पाठीवर छान लागत होतं. इमारतीच्या फाटकाशी पोचला आणि थांबला. टेम्पो उभा होता. कर्नल कोट घालून उभे होते. दंतवैद्यांनी सकाळचे सगळे रुग्ण दुपारवर ढकलले होते. काकूंनी गादी झटकायची वेळ, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, नऊवर आणली होती. सेक्रेटरींच्या हातात गच्चीची किल्ली होती आणि बायको शाळेतून अर्धी रजा काढून आली होती.

"चित्र आज जायचं नाही," चित्रकार म्हणाला. "दोन महिन्यांनी जायचंय. त्यांची भिंत ओली आहे."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तो हसतोय हे पाहिलं, आणि फाटकाला टेकून डोळे मिटून घेतले.

"भिंत मजबूत असेल ना पण?" कर्नलांनी विचारलं.

"दंड नाही ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या. "मला ते वळण आठवून रात्रभर धडकी भरली होती."

मग एकेकाने कबूल केलं की सगळ्यांच्याच मनात ते वळण होतं. दंतवैद्य तर म्हणाले की त्यांनी हाताला मलमपट्टी बांधायचा विचार केला होता, म्हणजे उचलायला कोणी बोलावलं नसतं. टेम्पोवाला एवढा वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "साहेब, माझं काय ते सांगा. गाडी तर आलीय."

कर्नलांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांच्या बहिणीला त्यांचं एक जुनं सागवानी कपाट हवं होतं, दोन वर्षांपासून. ते एकटे कसे उतरवणार म्हणून राहून गेलं होतं. आता माणसं आहेत, गाडी आहे, सगळे तयार आहेत, तर…

सगळे वर गेले. कपाट प्रचंड होतं, चित्रापेक्षा चौपट जड. चित्रकाराने अस्तन्या वर केल्या आणि सगळ्यात अवघड कोपरा स्वतःकडे घेतला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दंतवैद्यांचा हात अडखळला. त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, "कुठे धरू? इथे हात लागला तर चालेल ना?"

"कुठेही धरा हो," चित्रकार म्हणाला. "कोरडं आहे."

त्याने स्वतःचा गालसुद्धा त्या लाकडाला टेकवला आणि पुढची पायरी उतरला.